निराधारचा अर्ज: फॉर्म सगळ्यात शेवटी

विदर्भातल्या खेड्यांत काम करणाऱ्या छोट्या संस्थांच्या मदत केंद्रावर सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे "आमचं निराधार लावून द्या." निराधार म्हणजे निराधारांना दरमहा मिळणारी सरकारी मदत. आणि सगळ्यात जास्त होणारी चूकही तिथेच होते. कार्यकर्ता खणातून फॉर्म काढतो, नाव-गाव लिहितो, आधारची झेरॉक्स जोडतो आणि आजीला तहसीलला पाठवतो. तीन महिन्यांनी त्रुटी निघते. ती भरेपर्यंत उत्पन्नाचा दाखला जुना होतो. नवा दाखला येतो तोवर मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक होऊन गेलेली असते. असे अर्ज नामंजूरही होत नाहीत, गठ्ठ्यात पडून राहतात.

हा लेख केंद्रावर बसणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. घरातले कुणी स्वतः अर्ज करणार असेल तरी क्रम हाच ठेवावा. वर्षानुवर्षे टिकणारे कागद आधी करायचे, मुदत संपणारे नंतर आणि फॉर्म सगळ्यात शेवटी. अडलेल्या बहुतेक अर्जांची फाईल उघडून पाहिली तर हाच क्रम उलटा झालेला दिसतो.

## टप्पा 1: केंद्रावरची तयारी

फार काही लागत नाही. एक जाड नोंदवही, प्रत्येक कुटुंबाची वेगळी फाईल आणि चालू पोचपुस्तिका एवढे पुरे. नोंदवहीत रकाने असे करा: नाव (आधारवर आहे तसेच, अक्षर न अक्षर), गाव आणि पोड किंवा टोला (गावाबाहेरची वस्ती), फोन कुणाचा आहे, कोणती योजना, कोणता कागद अडला आहे, पुढची तारीख. 'फोन कुणाचा' हा रकाना विसरू नका. आजीने दिलेला नंबर नागपूरला कामाला गेलेल्या नातवाचा असतो आणि ओटीपी तिकडेच जातो.

केंद्राचा दिवस आठवडी बाजाराचा ठेवा. माणसे त्या दिवशी तशीही येतात, वेगळे भाडे पडत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी कापूस वेचणीचे दिवस. त्या काळात सकाळी अकराला केंद्र उघडले तर एकही बाई येणार नाही, कारण ती सातलाच शेतात गेलेली असते. संध्याकाळी बसा.

तीन नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा:

- मूळ कागद संस्थेत ठेवले जाणार नाहीत. झेरॉक्स काढून मूळ कागद लगेच परत.
- अर्ज भरण्याचे पैसे नाहीत. सेतू केंद्राचे शुल्क थेट तिथेच भरायचे, पावतीसह.
- मंजुरी देणे संस्थेच्या हातात नाही.

तिसरा नियम कार्यकर्त्यांनाच जास्त लागू आहे. "होऊन जाईल मावशी, काळजी करू नका" असे म्हणायची सवय सोडा. मंजुरी तालुक्याची समिती देते. आपण शब्द देऊन बसलो की पुढे पैसे मागणारा दलाल आणि आपण यांच्यात गावाला फरक उरत नाही.

तपासा: गावातल्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांना केंद्राचा वार माहीत आहे का? जी बाई घराबाहेर पडूच शकत नाही तिची खबर यांच्याकडूनच येते.

## टप्पा 2: माणूस कोणत्या योजनेत बसतो ते ठरवा

गावात सगळ्यालाच 'निराधार' म्हणतात. तहसीलच्या टेबलावर मात्र त्या वेगवेगळ्या योजना आहेत. चुकीच्या योजनेत भरलेला अर्ज दुसऱ्या फाईलीत आपोआप जात नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 65 वर्षांखालील लोकांसाठी आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या किंवा अगदी कमी मिळणाऱ्या स्त्रिया, अनाथ मुले, दिव्यांग, क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या आजारांमुळे कमावू न शकणारे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी असे गट तिच्यात येतात.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना 65 आणि त्यापुढच्या वृद्धांसाठी आहे. या दोन्ही योजनांत दरमहा 1500 रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर 2025 पासून 2500 झाली आहे.

यांच्यासोबत केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी नावाच्या निवृत्तीवेतन योजना आहेत. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागते. केंद्राचा वाटा छोटा असतो, उरलेली रक्कम राज्य भरते. म्हणून अर्जदार या यादीत आहे की नाही हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. ही 2002 च्या सर्वेक्षणाची यादी आहे. बायकांना त्यातला आपल्या घरचा क्रमांक सहसा माहीत नसतो, पण ग्रामपंचायतीत तो निघतो. यादीत नाव असेल तर तिचा उतारा घ्या. पुढे उत्पन्नाच्या भानगडीत तो बराच आधार देतो.

पतीचे वय मृत्यूच्या वेळी 18 ते 59 असेल, तो घरचा मुख्य कमावता असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20,000 रुपये वेगळे मिळतात. हा अर्ज फार घरांत राहूनच जातो, कारण मासिक पैशाच्या चर्चेत एकरकमी मदतीचे कुणी नावच काढत नाही.

सावध: बाईला लाडकी बहीण योजनेचे पैसे येत आहेत का, हे विचारा. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला 1500 किंवा जास्त मिळणारी स्त्री लाडकी बहीणसाठी अपात्र ठरते. निराधार मंजूर झाले की तिकडचे बंद होणार, हे तिला आधीच स्पष्ट सांगा. "दोन्ही चालू राहतात, कुणाला कळत नाही" हा गावातला सल्ला खोटा आहे. पैसे आता थेट आधारवर जमा होतात, त्यामुळे दोन्हीकडचे नाव एकाच क्रमांकाखाली दिसते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट या भागांत हे रुग्ण बरेच सापडतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे. म्हणजे हातपाय धड असलेल्या सिकलसेलच्या मुलालाही दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणीला पाठवता येते. प्रमाणपत्र किमान 40 टक्क्यांचे लागते. यूडीआयडीची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) नोंदणी ऑनलाइन करून मग जिल्हा सामान्य किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या तपासणीच्या दिवशी जायचे. तो वार आधी फोन करून विचारा. झरी-जामणी किंवा भामरागडसारख्या दूरच्या तालुक्यातून चुकीच्या वारी गेलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

## टप्पा 3: नाव आणि वय जुळवा

मी सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला देतो.

आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक, मतदार ओळखपत्र आणि विधवा असेल तर पतीचा मृत्यू दाखला, असे पाच कागद टेबलावर ओळीने मांडा. आता नाव मोठ्याने वाचा. आधारवर 'सुमन', शिधापत्रिकेवर 'सुमनबाई', पासबुकावर 'सुमन बाई', मृत्यू दाखल्यात पतीच्या नावातला 'राव' गळालेला, असे चित्र हमखास दिसते. विचारले की मावशी म्हणतात, "नाव तं सुमनच हाय माह्यं, बाई तं गावानं लावली." गावाला चालते ते संगणकाला चालत नाही.

कोणता कागद कोणाप्रमाणे दुरुस्त करायचा, यातही चूक होते. नियम सोपा ठेवा: आधार हा पाया. आधारवरचे नाव बरोबर असेल तर बाकी कागद त्याच्याप्रमाणे करा. आधारवरचेच नाव चूक असेल तर ते आधी दुरुस्त करा, कारण नंतर केले तर बँकेपासून सगळे पुन्हा करावे लागते. आधारवर नाव आणि जन्मतारीख बदलण्याच्या संधी मोजक्याच असतात, म्हणून दुरुस्तीला पाठवताना योग्य शब्दलेखन कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेले नाव यंत्रावर बसलेला मुलगा ऐकू येईल तसे लिहितो.

वयाचे तर विचारूच नका. वृद्धांच्या आधारवर 1 जानेवारी ही जन्मतारीख सर्रास असते, कारण नोंदणीच्या दिवशी कुणीतरी अंदाजाने वर्ष टाकले. सत्तरीची म्हातारी कागदावर अठ्ठावन्नची निघते. अशा वेळी शाळेचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर ग्रामपंचायतीतली जन्मनोंद आणि जुनी मतदार यादी शोधा. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या वयाच्या दाखल्याबद्दल तुमच्या तहसीलमध्ये विचारून घ्या. वय वाढवून देणाऱ्याच्या नादी लागू नका.

अंगठ्याचीही तपासणी इथेच करा. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, निंदण केलेल्या बाईच्या बोटांच्या रेषा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. यंत्रावर तर्जनी ठेवली की लाल दिवा, अंगठा ठेवला की लाल दिवा. दहाही बोटे एकेक करून लावून बघा. एखादी करंगळी बरेचदा साथ देते. कुठलेच बोट चालत नसेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे आणि डोळ्याची बुबुळे अद्ययावत करून घ्या. त्याच फेरीत मोबाईल क्रमांकही जोडा, शक्यतो घरातच राहणाऱ्या माणसाचा.

मृत्यू दाखला: तो कुठून मिळतो? दाखला मृत्यू जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातून मिळतो, माणूस जिथे राहत होता तिथून नाही. पती नागपूरच्या मेडिकलला, यवतमाळला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात वारला असेल तर गावच्या ग्रामसेवकाकडे कितीही फेऱ्या मारल्या तरी दाखला निघणार नाही. त्या दवाखान्याच्या हद्दीतल्या निबंधकाकडेच जावे लागते. दवाखान्याचे डिस्चार्ज किंवा मृत्यूचे कार्ड घरात शोधा, नोंदीची तारीख त्यावर असते.

मृत्यू घरी झाला आणि 21 दिवसांत नोंद केली तर काहीच अडचण नाही. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क. पुढे एक वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी आणि वर्ष उलटले असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. शेवटचा प्रकार लांबतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कोलाम पोडांवर आणि कोरकू पाड्यांवर मृत्यूची नोंदच न झालेली घरे बरीच असतात. तिथे कुटुंबाची फाईल उघडल्या दिवशीच हे काम सुरू करा, बाकी सगळे त्याच्या मागे.

तपासा: पाचही कागदांवर नाव सारखे झाले? मग पुढचा टप्पा. एकाही कागदावर फरक असेल तर इथेच थांबा.

## टप्पा 4: खाते कोणते, पैसा कुठे

योजनेचे पैसे आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात. खाते क्रमांक फॉर्मवर लिहिलेला असला तरी पैसे आधारला जे खाते शेवटचे जोडले गेले त्यातच जातात. एवढे एक वाक्य गावाला समजावले तर 'पैसे आलेच नाहीत' म्हणणाऱ्या निम्म्या तक्रारी संपतील.

घडते असे. बाईचे जुने खाते तालुक्याच्या बँकेत असते, पासबुकही तिच्याकडे असते. मधल्या काळात कुणीतरी गावात येऊन अंगठा घेऊन नवे खाते उघडून देते. त्या वेळी आधार तिकडे जोडले जाते. पैसे महिनोन्महिने तिकडे साचतात आणि ती इकडच्या पासबुकात शिक्का मारून घेत बसते. "बँकवाला म्हणते काहीच नाही आलं."

करायचे ते असे:

1. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघा. ओटीपी लागतो, म्हणून टप्पा 3 मधला मोबाईल क्रमांक आधी.
2. दिसणारी बँक आणि हातातले पासबुक एकाच बँकेचे आहे का, ते पडताळा.
3. नसेल तर जी बँक जवळ आणि सोयीची आहे तिथे आधार जोडणीचा फॉर्म भरा आणि त्याची पोच घ्या. नुसती 'आधार लिंक आहे' ही तोंडी खात्री पुरेशी नाही. खात्याला आधार लावलेले असणे वेगळे आणि सरकारी पैशासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत ते खाते असणे वेगळे.
4. खाते फार दिवस न वापरल्याने बंद पडले असेल तर केवायसी करून, थोडे पैसे भरून आणि काढून ते चालू करून घ्या.

खाते एकटीच्या नावाचे असावे. मुलासोबतचे संयुक्त खाते टाळा. त्यामागे नियमाचे कारण आहेच, घरातलेही कारण आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

सावध: कार्यकर्त्याने कुणाचाही एटीएम पिन किंवा ओटीपी स्वतःकडे लिहून ठेवू नये. मदतीच्या भावनेनेही नाही.

## टप्पा 5: उत्पन्नाचा दाखला

आता मुदत असलेला कागद. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे, दिव्यांगांसाठी 50,000. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्यांना त्या यादीचा आधार चालतो.

ही मर्यादा किती जुनाट आहे ते एका हिशेबात कळते. 2025-26 साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर रोजी 312 रुपये होता. त्या वर्षी एखाद्या घराला पूर्ण 100 दिवस काम मिळाले असेल तर तेवढ्यानेच 31,200 झाले. म्हणजे सरकारचीच एक योजना पूर्ण मिळाली तर दुसरीतून माणूस बाद. मर्यादा बदलायची मागणी जिथे करायची तिथे जरूर करावी, पण फॉर्म भरताना आज हीच मर्यादा आहे.

दाखल्यावर आकडा लिहिला जातो तो पटवाऱ्याच्या चौकशी अहवालावरून. (सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी, आपल्याकडे तो पटवारीच.) बरेचदा सगळ्या गावाला सरसकट एकच आकडा पडतो, 36,000 किंवा 48,000. शाळेच्या प्रवेशासाठी तो दाखला चालतो, निराधारसाठी त्याच दाखल्याने अर्ज पडतो. म्हणून अहवालाच्या वेळी पटवाऱ्याला खरी परिस्थिती दिसली पाहिजे: घरात कमावते कोण, शेती किती आणि कोरडवाहू की ओलिताची, मजुरीचे दिवस किती, मुलगा वेगळा राहतो की एकत्र. वेगळा राहत असेल तर शिधापत्रिकाही वेगळी आहे का? कागदावर एकत्र आणि तोंडाने वेगळे, हे चालणार नाही. मुलगा पंचविशीच्या पुढचा आणि कमावता असेल तर टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो. उत्तर खरे आणि कागदासह तयार ठेवा.

आकडा खोटा लिहून घ्यायला मदत करू नका. पकडला गेला तर वसुली त्या बाईकडून होते, संस्थेकडून नाही.

काही घरांत वारस नोंद मुद्दाम लांबवली जाते, "जमीन नावावर आली तं निराधार जाईन" म्हणून. हा सल्ला देणाऱ्याला दारातून परत पाठवा. सातबाऱ्यावर मेलेल्या नवऱ्याचे नाव ठेवल्याने उत्पन्न लपत नाही, उलट पीकविमा, नुकसानभरपाई, पीककर्ज सगळे अडते. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी द्यायची असते. उशीर झाला असेल तरी द्या.

आता वेळेचा मुद्दा. एका वर्षाच्या उत्पन्न दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला दीड-दोन महिन्यांतच निकामी होतो, आणि तहसीलला जानेवारी ते मार्च ही महसूल वसुलीची घाई असते. बाकी कागद तयार असतील तर दाखला एप्रिल-मेमध्ये काढा. जून उजाडला की सेतूसमोर शाळा-कॉलेजच्या मुलांची रांग लागते.

प्रतिज्ञापत्र म्हटले की कुणीतरी 100 किंवा 500 रुपयांचा मुद्रांक आणायला सांगतो. उत्पन्न, जात, रहिवासी अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते, आणि झेरॉक्सवर स्वतःची सही करून स्वसाक्षांकनही चालते. सेतू केंद्रात दरफलक लावलेला असतो. त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. पावतीचे नाव काढले की आकडा बरेचदा आपोआप उतरतो.

दाखला देण्याची मुदत 15 दिवस आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ती बंधनकारक आहे. मुदत उलटली किंवा नाकारले तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. अपिलाची धमकी पहिल्याच दिवशी देऊ नका. पोचपावतीवरच्या तारखेकडे बोट दाखवणे बहुधा पुरते.

## टप्पा 6: अर्ज भरणे आणि पोच घेणे

आता फॉर्म काढा. इथवर सगळे नीट झाले असेल तर तो अर्ध्या तासात भरून होतो.

सोबत लागते ते: आधार, शिधापत्रिका, पासबुकाचे पहिले पान, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा, वयाचा पुरावा, महाराष्ट्रात किमान 15 वर्षे राहत असल्याचा रहिवासी दाखला, फोटो आणि गटाप्रमाणे मृत्यू दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, आजाराचा वैद्यकीय दाखला किंवा अनाथ असल्याचा दाखला. परित्यक्तेसाठी न्यायालयातले कागद नसतील तर गावपातळीवरचा दाखला लागतो. तो देताना ग्रामपंचायतीत चार माणसांसमोर बाईला प्रश्न विचारले जातात. तिच्यासोबत संस्थेच्या एखाद्या ताईंनी जावे, पुरुष कार्यकर्त्याने नाही.

भरताना होणाऱ्या चुका:

- नाव आधारवरचे न लिहिता बोलीतले लिहिणे.
- 'कुटुंबातील व्यक्ती' या रकान्यात वेगळ्या राहणाऱ्या मुलाचे नाव सवयीने टाकणे, किंवा सोबत राहणाऱ्याचे मुद्दाम गाळणे.
- अंगठा घेऊन त्याखाली ओळखणाऱ्याची सही न घेणे.
- आधीच्या कुठल्या योजनेचा लाभ मिळतो का, हा रकाना कोरा सोडणे. काही नसेल तर 'नाही' लिहा.

अर्ज सेतूतून ऑनलाइन भरला तर पावती आपोआप निघते. तहसीलच्या संजय गांधी शाखेत हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीसमोरून उठू नका. "साहेब जेवायला गेले, उद्या घेऊन जा" असे उत्तर मिळाले तर तिथेच थांबा. पुढच्या पाठपुराव्यात आवक क्रमांकाशिवाय कुणी बोलणार नाही.

अर्जदाराला तालुक्याला न्यायचे असेल तर भाड्याचा हिशेब आधी करून ठेवा. एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, 75 पुढच्यांना मोफत. हे माहीत नसल्याने लोक काळीपिवळीला पैसे देतात.

## टप्पा 7: पाठपुरावा

अर्ज छाननीला जातो, मग तालुकास्तरीय समितीपुढे. तहसीलदार तिचा सदस्य सचिव असतो. बैठक ठरल्या तारखेला होतेच असे नाही, म्हणून पंधरवड्यातून एकदा शाखेत जाऊन पुढची बैठक कधी आणि आपल्या गावचे किती अर्ज त्यात आहेत, हे विचारा. एकेका माणसासाठी वेगळे न जाता केंद्राच्या नोंदवहीतून आवक क्रमांकांची यादी करून न्या. कारकुनालाही बरे पडते.

त्रुटी निघाली तर ती लेखी मागा. 'कागद कमी आहेत' हे उत्तर नाही, कोणता कागद ते लिहून मिळाले पाहिजे. काहीच कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. बरेचदा उत्तराआधीच फाईल हलते.

सावध: या काळात गावात कुणीतरी फिरत येतो आणि समितीत ओळख असल्याचे सांगून दोन-तीन हजार मागतो. मंजूर झाले की स्वतःचे श्रेय सांगतो, नाही झाले की गायब होतो. केंद्रावर नोंद झालेल्या प्रत्येक घराला हे आधीच सांगून ठेवा.

## टप्पा 8: मंजुरीनंतर

मंजुरीच्या यादीत नाव आले की काम झाले असे समजून फाईल बंद करतात. ती बंद करू नका. पहिला हप्ता खरोखर खात्यात पडला आणि तो बाईच्या हाती गेला, हे पासबुकात पाहिल्यावरच नोंदवहीत खूण करा. हप्ते नियमित येतात असे नाही. दोन-तीन महिन्यांचे एकदम पडतात. एखादा महिना कोरा गेला म्हणून घाबरून नवा अर्ज भरू नका, एकाच आधारवर दोन अर्ज झाले की दोन्ही अडकतात.

दरवर्षी हयातीची पडताळणी होते, कधी दाखल्यावर, कधी मोबाईलवर चेहरा टिपून. त्या वर्षी काय करायचे ते जानेवारीतच तहसीलला विचारा आणि गावात दवंडी द्या. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांची वेगळी यादी करा, त्यांच्या घरी कुणाला पाठवता येईल ते शाखेत लेखी मागा.

संजय गांधी योजनेतला माणूस 65 चा झाला की त्याला श्रावणबाळमध्ये घ्यायचे असते. नोंदवहीत जन्मवर्षाचा रकाना असेल तर ही यादी वर्षाच्या सुरुवातीलाच निघते. आधारवरचे वय चूक राहिले असेल तर ते इथे पुन्हा डोके वर काढते.

लाभार्थी वारला तर तहसीलला लगेच लेखी कळवा, मृत्यू दाखल्याची प्रत जोडून. घरचे लोक पुढचे दोन-चार महिने एटीएमने पैसे काढत राहतात. त्यांना ती चोरी वाटत नाही, पण नंतर वसुलीची नोटीस येते तेव्हा ते पैसे उरलेले नसतात. वारलेल्या माणसाची पत्नी किंवा दिव्यांग मुलगा मागे असेल तर त्याच दिवशी त्यांची नवी फाईल उघडा, टप्पा 2 पासून.